युरियापासून अतिपातळ, सच्छिद्र कार्बन नायट्राइड : खानदेशातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी कृती आणि तपासणी

उत्प्रेरणासाठी अतिपातळ आणि सच्छिद्र नॅनोपदार्थ तयार करायचे म्हटले, की सहसा उच्चदाबाचे ऑटोक्लेव्ह, निर्वात भट्ट्या आणि आरगॉनची नळकांडी यांची यादी पुढे येते, आणि जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग तिथेच माघार घेतो. ग्राफायटिक कार्बन नायट्राइड हा पदार्थ मात्र त्या यादीला अपवाद आहे. झाकण असलेली मूस, मफल भट्टी, चांगला तराजू, सेंट्रिफ्यूज आणि दृश्य-अतिनील वर्णपटमापी एवढ्या सामग्रीवर तो तयार होतो आणि त्याची प्राथमिक चाचणीही होते. पदार्थ तयार करणे सोपे असल्यामुळेच त्याच्याविषयी ढिसाळ दावेही पुष्कळ होतात. म्हणून या लेखात कृतीइतकीच, किंबहुना थोडी अधिक जागा तपासणीला दिली आहे.

पदार्थाची ओळख थोडक्यात करून घेऊ. कार्बन आणि नायट्रोजन यांच्या एकमेकांना जोडलेल्या वलयांचे सपाट थर आणि त्या थरांची एकावर एक रास, अशी त्याची रचना असते. दोन थरांतील अंतर सुमारे ०.३२६ नॅनोमीटर असते. या कुळातील पदार्थांची नोंद जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३४ मध्येच केली होती. तथापि दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर त्याच्यावरील संशोधनाला खरा वेग आला. त्याचे ऊर्जा-अंतर (बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश तो शोषतो. त्याचा फिकट पिवळा रंग त्यामुळेच असतो. तो धातुविरहित आहे, पाण्यात विरघळत नाही आणि सौम्य आम्ल-अल्कलीत टिकतो.

रास जाड राहिली तर आतले थर अभिक्रियेच्या उपयोगी पडत नाहीत. आतल्या थरात प्रकाशामुळे निर्माण झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच पुन्हा एकत्र येतात. केळीचे खोड आडवे कापले, तर एकात एक बसलेली सोपटे आणि प्रत्येक सोपटाच्या आत हवेच्या पोकळ्या दिसतात. आपल्याला हवी असलेली रचना साधारण तशीच आहे, फक्त सोपटे एकमेकांपासून सुटी झालेली हवीत. ती सुटी करण्याचे काम मुख्यतः वायू करतो. त्यामुळे वायू कोठून आणि किती वेगाने बाहेर पडतो यावर ताबा ठेवणे हाच पुढील सर्व कृतीचा गाभा आहे.

कच्चा माल

युरिया, थायोयुरिया, डायसायनडायमाइड आणि मेलामाइन हे चार नेहमीचे पर्याय आहेत. मेलामाइनपासून उत्पादन भरपूर मिळते, परंतु ते घट्ट असते आणि त्याचे पृष्ठक्षेत्र बहुधा १० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास राहते. युरियात ऑक्सिजन असल्यामुळे तापवताना अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफही सुटते. त्यामुळे उत्पादन फारच थोडे, पण फुललेले आणि सच्छिद्र मिळते. आपल्या कामासाठी युरियाच घ्यावा.

खानदेशात युरिया म्हटले की कृषी सेवा केंद्रातील गोणी डोळ्यांसमोर येते, म्हणून येथे स्पष्ट सांगणे भाग आहे. तो युरिया घेऊ नये. शेतीसाठीच्या अनुदानित युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. ते तेल भट्टीत जळून पदार्थात काळपट कार्बन मिसळते आणि दोन गोणींतील लेप सारखाच असेल याची खात्री देता येत नाही. शिवाय अनुदानित युरिया शेतीखेरीज इतर कामाला वापरणे कायद्याने निषिद्ध आहे. प्रयोगशाळेच्या शुद्धतेच्या अर्धा किलो युरियाची बाटली महाग नसते आणि तीत पुष्कळ प्रयोग होतात. हा युरिया आर्द्रताशोषक असल्यामुळे श्रावण-भाद्रपदात बाटली उघडी राहिली तर त्याचे खडे होतात. तेव्हा तो खलात बारीक करून ८० अंश सेल्सिअसला रात्रभर सुकवावा आणि मगच वजन करावे.

पहिली भाजणी

पन्नास मिलिलिटरच्या, झाकण असलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत १० ग्रॅम सुका युरिया घ्यावा. मूस निम्म्याहून अधिक भरू नये. युरिया १३३ अंशांना वितळतो आणि त्यानंतर त्याला इतका फेस येतो, की काठोकाठ भरलेली मूस भट्टीच्या तळावर उतू जाते. झाकण बसवून बाहेरून अ‍ॅल्युमिनिअमच्या कागदाचे दोन वेढे द्यावेत. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे ५५० अंशांपर्यंत हा कागद टिकतो, परंतु भट्टीचा नियंत्रक जर ५० ते १०० अंशांनी चुकत असेल तर धोका आहे. म्हणून भट्टीचे तापमान आधी स्वतंत्र थर्मोकपलने पडताळून घ्यावे. झाकणाचे प्रयोजन असे, की सुटणारा अमोनिया आणि आयसोसायनिक आम्ल काही काळ आतच राहून अभिक्रियेत भाग घेतात. उघड्या मुशीत बहुतेक युरिया वायू होऊन निघून जातो आणि तळाशी कसाबसा एक पापुद्रा उरतो.

तापमान मिनिटाला ५ अंश या वेगाने ५५० अंशांपर्यंत न्यावे, तेथे ३ तास ठेवावे आणि नंतर भट्टी न उघडता ती आपोआप थंड होऊ द्यावी. या वेगाने वर पोहोचण्यास सुमारे पावणेदोन तास लागतात. वेग मिनिटाला २ अंश ठेवला तर जवळजवळ साडेचार तास लागतात, परंतु पदार्थ अधिक एकसारखा होतो आणि वेळ असेल तर मी तोच वेग सुचवीन. ५२० अंशांच्या पुढे थरांची जोडणी पुरी होते, ६०० अंशांच्या वर पदार्थ डळमळीत होतो आणि ७०० अंशांना पुरता विघटित होऊन मूस रिकामी मिळते. त्यामुळे "अजून थोडे तापवू, म्हणजे अधिक पातळ होईल" हा विचार एका मर्यादेपुढे अंगाशी येतो.

भट्टी धूरकपाटात किंवा बाहेर जाणारी नळी असलेल्या जागीच हवी. येथे तडजोड नाही. बाहेर पडणाऱ्या वायूत अमोनिया तर असतोच, पण आयसोसायनिक आम्लही असते आणि ते डोळ्यांना व श्वसनमार्गाला घातक आहे. ओला केलेला तांबडा लिटमस कागद भट्टीच्या दाराच्या फटीजवळ धरावा. तो निळा झाला तर वायू नळीतून न जाता खोलीत येत आहे असे समजून भट्टी बंद करावी. दोन-चार भाजण्यांनंतर नळीच्या थंड टोकाशी पांढरा, कवचासारखा थर साचतो. तो वेळीच काढला नाही तर नळी तुंबते आणि सारा वायू उलट खोलीत येतो.

उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात वीज गेली, की भाजणी मध्येच अडकते. वीज परत आल्यावर नियंत्रक कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करतो की थांबला तेथून, हे त्याच्या पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे. अशा खंडित भाजणीचा माल टाकून देण्याची गरज नाही, परंतु तो वेगळ्या कुपीत, वेगळ्या चिठ्ठीने ठेवावा आणि कोणत्याही तुलनेत घेऊ नये.

मूस उघडल्यावर फिकट पिवळा, हलका, स्पंजासारखा गोळा मिळतो. १० ग्रॅम युरियापासून साधारण ०.४ ते ०.५ ग्रॅम उत्पादन येते. प्रथमच करणाऱ्याला हे फार कमी वाटते, पण ते योग्यच आहे. रंग तपकिरी असेल तर कच्चा माल अशुद्ध होता किंवा मूस नीट धुतलेली नव्हती. पांढरट, पाण्यात काही अंशी विरघळणारा भाग उरला असेल तर तापमान पुरेसे चढलेले नाही. गोळा खलात हलक्या हाताने मोडावा, ०.१ मोलर नायट्रिक आम्लात तासभर ढवळावा, नंतर धुतलेल्या पाण्याचा सामू उदासीन होईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा आणि ८० अंशांना सुकवावा. आम्लाने चिकटून राहिलेला अमोनिया आणि इतर अल्कधर्मी अवशेष निघून जातात. ही पायरी गाळली तर पुढे रंगद्रव्याच्या अधिशोषणाचे (पृष्ठभागाला चिकटून राहण्याचे) आकडे विनाकारण बदलतात.

दुसरी भाजणी : थर सुटे करणे

आता झाकण नको. सुमारे ०.४ ग्रॅम भुकटी अ‍ॅल्युमिनाच्या उघड्या, सपाट बोटीत (लांबट ताटलीत) शक्य तितकी पातळ पसरावी आणि हवेत, मिनिटाला ५ अंश या वेगाने ५०० अंशांना नेऊन २ तास ठेवावी. थरांच्या आतील साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध या तापमानाला हवेत टिकत नाहीत. थर वरून खाली हळूहळू झिजत जातात आणि काही ठिकाणी त्यांना छिद्रेही पडतात. भुकटीचा ढीग ठेवला तर केवळ वरचा भाग झिजतो आणि खालचा तसाच राहतो. एका बोटीत दोन प्रकारचा माल तयार होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

भाजणीनंतर पिवळेपणा कमी होऊन भुकटी जवळजवळ पांढरी दिसते आणि वजनात मोठी घट होते. वजन आधी आणि नंतर नोंदवणे अत्यावश्यक आहे, कारण उत्प्रेरकाची कार्यक्षमता दुप्पट झाली आणि माल एक-दशांश उरला, तर तो सौदा फायद्याचा म्हणता येणार नाही. रंग फिका होण्याचा अर्थही समजून घ्यावा. थर पातळ झाले की ऊर्जा-अंतर वाढते. केवळ तापवून केलेल्या, सुमारे २ नॅनोमीटर जाडीच्या पत्र्यांसाठी ते जवळपास ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टने वाढल्याचे २०१२ मध्ये नोंदवले गेले आहे. म्हणजे पृष्ठक्षेत्र वाढते, पण दृश्य प्रकाशाचे शोषण घटते. ज्याला सूर्यप्रकाशातील निळा-जांभळा भाग वापरायचा आहे त्याने १, २ आणि ३ तासांचे वेगवेगळे नमुने करून मधला टप्पा शोधावा. सर्वांत पातळ तोच सर्वांत चांगला, असे धरून चालू नये.

अधिक छिद्रे हवी असतील तर मेलामाइन आणि सायनुरिक आम्ल यांचा मार्ग आहे. २.५२ ग्रॅम मेलामाइन आणि २.५८ ग्रॅम सायनुरिक आम्ल, म्हणजे प्रत्येकी ०.०२ मोल, वेगवेगळ्या दीडशे मिलिलिटर जवळजवळ उकळत्या पाण्यात विरघळवून एकत्र करावे. मिसळताच दुधासारखा पांढरा साका बसतो. तो गाळून, सुकवून झाकलेल्या मुशीत ५५० अंशांना ४ तास भाजावा. साक्यातील रेणू आधीच नीट रचलेले असतात आणि सायनुरिक आम्लाचा भाग वायू होऊन निघून जाताना पोकळ्या ठेवून जातो. हे दोन पदार्थ एकत्र शरीरात गेल्यास मूत्रपिंडात स्फटिक तयार होतात, म्हणून त्यांची कोरडी भुकटी हाताळताना नाकावर योग्य मुखपट्टी हवीच. सिलिकाचा साचा वापरून नंतर तो हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढण्याची पद्धत निबंधांतून दिसते. पदवी किंवा पदव्युत्तर प्रयोगशाळेत ती करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

धुतल्यानंतर भट्टीत सुकवताना पाणी उडते तेव्हा सुटे झालेले थर पुन्हा एकमेकांना चिकटतात. गोठवून सुकवण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर शेवटची धुलाई इथेनॉलने करावी आणि ६० अंशांना सुकवावे, कारण इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असतो.

"अतिपातळ" म्हणण्याआधी

क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांनी २७.४ अंशांजवळ मोठे आणि १३ अंशांजवळ लहान शिखर दिसावे. थर सुटे झाले की मोठे शिखर बुटके आणि रुंद होते. अवरक्त वर्णपटात ८१० प्रति सेंटीमीटरजवळचे टोकदार शिखर आणि १२०० ते १६५० मधील शिखरांचा गट दिसला, की वलये शाबूत आहेत असे समजावे. एवढे बहुतेक सर्वजण करतात आणि त्यावर थांबतात. परंतु या दोन्हींवरून जाडी सिद्ध होत नाही.

जाडीचा एक साधा अंदाज पृष्ठक्षेत्रावरून घरबसल्या काढता येतो. सपाट पत्र्याच्या दोन बाजू धरल्या, तर सरासरी जाडी म्हणजे २ भागिले (घनता गुणिले पृष्ठक्षेत्र). घनता सुमारे २.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरावी. नायट्रोजन अधिशोषणाने पृष्ठक्षेत्र ६० चौरस मीटर प्रति ग्रॅम आले, तर जाडी सुमारे १४.५ नॅनोमीटर, म्हणजे ४४ थर होते. त्याला अतिपातळ म्हणणे धाडसाचे आहे. ३०० चौरस मीटर आले तर जाडी २.९ नॅनोमीटर, म्हणजे सुमारे ९ थर. अणुबल सूक्ष्मदर्शकाने मोजलेली जाडी ३ नॅनोमीटर आणि पृष्ठक्षेत्र ६० असे एकाच तक्त्यात दिसले, तर समजावे की सूक्ष्मदर्शकाखाली निवडून आणलेला एखादाच पत्रा होता आणि उरलेला माल जाड आहे, किंवा सुकताना पत्रे पुन्हा चिकटले आहेत.

छिद्रांबाबतही असाच घोटाळा होतो. नायट्रोजन अधिशोषणाच्या वक्रात दिसणारी १० ते ५० नॅनोमीटरची "छिद्रे" पुष्कळदा पत्र्यांमधील फटी असतात, पत्र्याच्या अंगातील भोके नसतात. भोके आहेत असे म्हणायचे तर पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र हवे. ही उपकरणे जवळ नसतील तर विद्यापीठ विभागाकडे विचारावे किंवा केंद्र शासनाच्या आय-स्टेम संकेतस्थळावरून देशातील उपकरणे आरक्षित करता येतात. नमुना पाठवताना तो कसा सुकवला आणि वायू काढण्यासाठी किती तापमान चालेल (१५० अंश पुरते) हे चिठ्ठीवर लिहावे.

उत्प्रेरणाची चाचणी

सर्वांत सोपी चाचणी रंगद्रव्याच्या विघटनाची. १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात रोडामाइन बी लिटरला ५ मिलिग्रॅम इतके घ्यावे. एवढ्या संहतीला ५५४ नॅनोमीटरवर शोषणांक सुमारे १ येतो आणि जुना वर्णपटमापीही तो विश्वासाने वाचतो. त्यात ५० मिलिग्रॅम उत्प्रेरक घालून अंधारात तासभर ढवळावे. पृष्ठक्षेत्र मोठे असल्याने बराच रंग केवळ अधिशोषणाने जातो आणि तो विघटनाच्या खात्यावर मांडणे ही या विषयातली सर्वांत सर्रास होणारी गफलत आहे. अंधारातील वाचन स्थिर झाल्यावरची संहती आरंभीची मानावी. नंतर दिवा लावून दर १५ मिनिटांनी ३ मिलिलिटर काढावे, मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे आणि वाचन घ्यावे. अतिपातळ पत्रे लवकर खाली बसत नाहीत, म्हणून ७०० नॅनोमीटरवरचे वाचनही पाहावे. तेथे शोषण दिसले तर तो रंग नसून तरंगता उत्प्रेरक आहे.

सोबत दोन कोरे प्रयोग हवेतच : प्रकाश आहे पण उत्प्रेरक नाही, आणि उत्प्रेरक आहे पण प्रकाश नाही. संपूर्ण वर्णपट घ्यावा, केवळ ५५४ वरचा आकडा नको, कारण रोडामाइन बीचे इथिल गट एकेक करून निघतात तेव्हा शिखर ४९८ नॅनोमीटरकडे सरकते. द्रावण गुलाबीचे हिरवट-पिवळे झाले म्हणजे रेणू नष्ट झाला असे नव्हे. शिवाय रंगद्रव्य स्वतः प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊ शकते. त्यामुळे फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावरही एक प्रयोग केल्याशिवाय प्रकाश-उत्प्रेरणाचा दावा पक्का होत नाही.

तापमानाची बाब खानदेशात विशेष लक्ष देण्याजोगी आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि गच्चीवरच्या टाकीतील नळाचे पाणी दुपारी हाताला चटका देते. तेच पाणी अभिक्रियापात्राच्या आवरणातून फिरवले तर थंडावा मिळण्याऐवजी द्रावण तापते, आणि डिसेंबरमध्ये केलेल्या प्रयोगाशी मे महिन्यातल्या प्रयोगाची तुलना निरर्थक ठरते. यावर स्वस्त उपाय असा, की घरच्या कूलरमधला बुडवता येणारा छोटा पंप बादलीत ठेवावा, बादलीत बर्फ टाकून पाणी २५ अंशांजवळ राखावे आणि तेच आवरणातून फिरवत राहावे. पात्रातील तापमान प्रत्येक वाचनाबरोबर नोंदवावे.

दृश्य प्रकाशाचा दावा करायचा असेल तर ४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारे गाळणे हवे. ते नसल्यास सोडियम नायट्राइटच्या २ मोलर द्रावणाचे काचेचे आवरण ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवते. हे द्रावण विषारी आहे, म्हणून पात्रावर तसे ठळक लिहावे. आपल्याकडचे ऊन उदंड आहे, त्यात प्रयोग अवश्य करावेत, परंतु सर्व नमुने एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवूनच. ढगाळ दिवसाचा आकडा निरभ्र दिवसाच्या आकड्याशी जोडू नये.

आरंभीची संहती भागिले उरलेली संहती, याचे नैसर्गिक लॉगरिथम वेळेविरुद्ध मांडले की चढावरून वेगस्थिरांक मिळतो. तो प्रति ग्रॅम आणि प्रति चौरस मीटर अशा दोन्ही रीतींनी द्यावा. प्रति ग्रॅम वेग पाचपट झाला आणि पृष्ठक्षेत्रही पाचपटच वाढले असेल, तर पृष्ठभाग स्वतः अधिक क्रियाशील झालेला नाही, फक्त जागा वाढली आहे. निकालाच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहावे.

यंत्रणा, म्हणजे रंगद्रव्य नेमके कोण मोडते, हे तपासताना इडीटीए होल पकडते, आयसोप्रोपॅनॉल हायड्रॉक्सिल मूलक (अतिक्रियाशील रेणुखंड) पकडते आणि बेंझोक्विनोन सुपरऑक्साइड पकडते. कार्बन नायट्राइडचा संयुजा पट्ट (बांधलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी) पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल मूलक करण्याइतका धन नसतो, म्हणून सुपरऑक्साइड आणि होल यांचा वाटा मोठा निघावा. आयसोप्रोपॅनॉल घालताच अभिक्रिया थांबली असे दिसले, तर निष्कर्ष लिहिण्याआधी प्रयोग पुन्हा करावा. ज्या विभागाकडे प्रकाशाची मांडणीच नाही, त्यांनी बेंझाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल यांची नोव्हेनागेल अभिक्रिया (दोन रेणू जोडून पाणी बाहेर टाकणारी) घ्यावी. तेथे थरांच्या कडेचे अमाइन गट अल्कधर्मी उत्प्रेरक म्हणून काम करतात आणि पातळ-सच्छिद्र असण्याचा फायदा दिव्याविना तपासता येतो.

पुनर्वापराच्या चाचणीत प्रत्येक फेरीला सेंट्रिफ्यूजमध्ये काही माल हरवतो. म्हणून आरंभी तीन-चार समांतर पात्रे चालवावीत, सर्व माल एकत्र धुऊन सुकवावा आणि पुढच्या फेरीला पुन्हा ५० मिलिग्रॅम वजन करून घ्यावा. पाचव्या फेरीनंतर अवरक्त वर्णपट पुन्हा घ्यावा. बोअरवेलच्या पाण्यात चाचणी केली तर बायकार्बोनेट आणि क्लोराइडमुळे वेग कमी झालेला दिसण्याची शक्यता असते. तो आकडा वगळू नये, ऊर्ध्वपातित पाण्याच्या आकड्याशेजारीच छापावा. उरलेले रंगीत द्रावण बेसिनमध्ये न ओतता वापरलेल्या उत्प्रेरकासह झाकणाच्या कॅनमध्ये साठवावे आणि कॅनवर रंगद्रव्याचे नाव व तारीख घालावी.